शेठच्या टाकीचे पिवळे कोपरे

चियायी शहरात टर्कीभाताची दुकानं गल्लोगल्ली आहेत आणि प्रत्येक दुकानदाराला बाकीचे सगळे नकली वाटतात. देवळामागच्या गल्लीतल्या किमथोचंही तेच होतं. त्याच्या दुकानात दोन शेठ बसतात, असं गिऱ्हाइकं चेष्टेनं म्हणायची. एक म्हणजे स्वतः किमथो, जो ओट्याशी उभा राहून उकडलेल्या टर्कीचं मांस हाडावरून सोडवायचा. दुसरा दाराजवळच्या मोठ्या काचेच्या टाकीत असायचा, आणि खरं सांगायचं तर दरारा त्याचाच जास्त होता. हातभर लांब, लालसर सोनेरी, तोंडापुढे दोन मिशा, अंगावर नाण्याएवढे खवले. जातीचा अरोवाना मासा. आमच्याकडे त्याला ड्रॅगन म्हणतात. तो दारात असला की घरावर येणारं वाईट तो अंगावर घेतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

त्याच टाकीत इतर मंडळीही नांदत होती. चार-सहा लाल पोपटमासे होते, फुगीर गालांचे आणि भित्रे. ते दिवसभर लाकडाच्या ओंडक्याआड दबून असायचे. काच चाटणारा एक काळा सकर होता. शेठने त्यांना कधी खाल्लं नाही, पण खाईन अशा नजरेनं वर्षानुवर्षं पाहिलं, आणि तेवढ्यावर त्या टाकीत शांतता होती.

शेठला बोटाएवढा होता तेव्हापासून वाढवलं ते किमथोच्या बायकोनं, आ-हुननं. ती भाताच्या लाकडी पिंपाशी बसायची. वाडग्यात भात, वर टर्की, वर चमचाभर चरबी, कडेला मुळ्याच्या पिवळ्याधमक लोणच्याची चकती. हात थांबायचा नाही आणि तोंडही. डाव्या कानानं तिला ऐकू येत नसे, म्हणून गिऱ्हाइकानं उजवीकडून सांगायचं ही दुकानाची रीत होती. नवीन माणूस डावीकडून ओरडत राहिला की जुनी गिऱ्हाइकं त्याची गंमत बघत बसत.

किमथो तसा हातचं राखून वागणारा माणूस. चरबीचा चमचासुद्धा निथळून घालायचा. पण आ-हुनला नुसती शिंक आली की याची सुरी खाली. चल दवाखान्यात. तिनं कितीही आढेवेढे घेतले तरी स्कूटरवर मागे बसवून न्यायचाच. पिंपाशी पोरीला, पेयिनला, उभं करायचा आणि गिऱ्हाइकांना ताटकळत ठेवायचा. कोपऱ्यावरचे डॉक्टर एकदा म्हणाले होते की किमथो, ही बायको आहे, दुकानातला फ्रीज नव्हे, जरा आवाज आला की दुरुस्तीला आणायला. सगळी गल्ली त्यावर हसली. आ-हुनला मात्र ते फार लागलं होतं, कारण तिला आतून तेच वाटायचं. पिंपाशी बसणारं माणूस बंद पडलं तर धंदा बसेल, एवढाच याचा हिशेब आहे, असं ती धरून चालली होती. आणि कधी कोणाला विचारायला गेली नाही.

त्या वर्षी किमथोच्या छातीत कळा येऊ लागल्या. हृदयाच्या नळ्या तुंबल्यात, छाती उघडावी लागेल, असं मोठ्या हॉस्पिटलात सांगितलं. त्यानं भुतांचा महिना सरेपर्यंत ऑपरेशन पुढे ढकललं. डॉक्टर वैतागले, पण त्या महिन्यात छाती उघडून घेणारा माणूस आमच्याकडे शोधून सापडायचा नाही. महिना सरला, तारीख ठरली. तसा किमथो दिवसेंदिवस वाळत चालला. सुरी हातात घेऊन उभा राहायचा आणि काय कापायचं तेच विसरायचा.

आणि तारीख तोंडावर आलेली असताना एका सकाळी आ-हुननं शटर वर केलं, तर शेठ टाकीच्या तळाशी आडवा पडला होता.

तिच्या हातातला शटरचा हुक तसाच राहिला. हा मासा तळाशी जात नसे. त्याची जागा पाण्याच्या वरच्या थरात, राजासारखी. आता तो एका कुशीवर कलंडून पडला होता. खवले उभे राहिले होते, एका डोळ्यावर दुधाळ साय आली होती, आणि कल्ले भात्यासारखे उघडमीट करत होते. ती काचेशी वाकली. एवढ्यात ओंडक्याआडून एक पोपटमासा निघाला. हळूहळू, इकडेतिकडे बघत आला आणि त्यानं शेठच्या परावरून एक लचका तोडला. शेठ हललासुद्धा नाही. मग दुसरा आला. इतकी वर्षं ज्याच्या सावलीला भ्यायचे, त्यालाच ती भित्री जात टोचत होती. आ-हुन आ वासून बघत राहिली. तिला काच वाजवायचंही सुचलं नाही.

शेजारी धूप आणि देवापुढे जाळायचं कागदी सोनं विकणारी सिओक होती. ती चहाचा पेला घेऊन रोजच्यासारखी आली, टाकीकडे बघितलं, आणि तिनं पेला खाली ठेवून चक्क हात जोडले.

"सुटलीस गं आ-हुन," ती म्हणाली. "घेतलं त्यानं. सगळं स्वतःवर घेतलं."

दुपारपर्यंत ही बातमी देवळाच्या अंगणापर्यंत गेली होती. लोक भात खायला येत आणि आधी टाकीपुढे मान लववत. काय गुणाचा मासा, म्हणत. खाल्ल्या अन्नाला जागला, म्हणत. एकानं पेटती उदबत्ती आणली. जमिनीच्या खटल्यात अडकलेला एकजण तर काचेला तोंड लावून शेठला विनवू लागला की बाबा, जातोच आहेस तर माझंही थोडं ने. आ-हुननं त्याला भाताच्या उलथण्यानं मागं सारलं. मासा अजून जिवंत होता, डोळ्यांदेखत तडफडत होता, आणि ही माणसं मयताला आल्यासारखी त्याचं गुणगान करत होती. तिचं डोकंच चालेना.

सगळ्यात चकित करणारा होता किमथो. त्याच्या तोंडावर रंग परत आला. दोन वाडगे भात जेवला. सुरी पहिल्यासारखी चालू लागली. गिऱ्हाईक नसताना तो टाकीपुढे जाऊन उभा राहिला आणि त्यानंही हात जोडले.

"मी तेककडे जाऊन येते," आ-हुन म्हणाली. तेक म्हणजे बाजारातला मासेवाला, शेठ त्याच्याच दुकानातून आणलेला. "औषधाची पिवळी पूड घातली की दुखणं उतरेल."

किमथो वळला. रागावला नव्हता. समजूत घालावी तसं, अगदी मऊ बोलला.

"पाण्यात काही घालू नकोस. जे उतरतंय ते त्याच्यावर उतरू दे. औषध घातलंस तर परत फिरेल."

आ-हुनच्या अंगावर सर्रकन काटा आला. शब्द तेच होते. बोलायची ढबही तीच.

आता हे सांगायचं तर मागं जायला हवं. आ-हुन या गल्लीतली नव्हे. ती समुद्राकडच्या मिठागरांच्या गावातली. घरात पोरी फार, म्हणून तिला चालायला-बोलायला लागली तशी इथे देऊन टाकलं. तेव्हा तसं चालायचं. मुलगी न्यायची, घरात वाढवायची, आणि मोठी झाली की घरातल्याच मुलाला द्यायची. पण तिला नेलं त्याचं कारण आणखी वेगळं होतं. किमथो लहानपणी सतत तापानं फणफणायचा. देवळातल्या अंगात येणाऱ्यानं त्याच्या आईला सांगितलं की दुसऱ्या घरची एक पोर घरात आण, पोराचं दुखणं ती वाटून घेईल.

पोर आणली. पुढच्याच पावसाळ्यात किमथोला ताप भरला आणि दोनच दिवसांत आ-हुनलाही. किमथोला त्याच्या आईनं पाठुंगळी मारून डॉक्टरकडे नेऊन आणलं. आ-हुन मधल्या खोलीत चटईवर पडून होती. कान ठणकत होता. सासरे म्हणाले की हिलाही दाखवून आणतो. सासू दारात उभी राहिली, चौकटीला दोन्ही हात लावून. आणि म्हणाली, हिला काही देऊ नका. जे उतरतंय ते हिच्यावर उतरू दे. औषध दिलंत तर परत फिरेल.

किमथोचा ताप उतरला. आ-हुनचाही उतरला, आपल्या आपण, पण जाताना डावा कान घेऊन गेला. सासूनं तिला जवळ घेतलं, चांगलं घेतलंस गं पोरी, म्हणाली, आणि कोंबडीची अख्खी तंगडी तिला एकटीला खाऊ घातली. सासू दुष्ट नव्हती हो. तिनं हाताला धरून आ-हुनला सगळं शिकवलं आणि मरताना आपली अंगठी हिच्याच बोटात घातली. आ-हुन तिला आईच म्हणायची आणि किमथोला दादा. एका वर्षअखेरीला सगळ्यांचं जेवण झाल्यावर आईनं तिची गादी उचलली आणि दादाच्या खोलीत नेऊन टाकली. दुसऱ्या दिवसापासून ती त्याला नावानं हाक मारू लागली. एवढंच लग्न. दारात उभ्या राहिलेल्या आईची गोष्ट मात्र ती कधी बोलली नाही, आणि किमथोला ती माहीत असायचं कारण नव्हतं. तो तर तेव्हा आतल्या खोलीत औषध पिऊन झोपला होता.

म्हणून किमथोच्या तोंडून तेच शब्द ऐकले तेव्हा ती उलथणं धरून नुसती उभी राहिली. आईचा फोटो वर देव्हाऱ्यात होता, तिकडे नजर गेली. फोटो जागच्या जागी होता.

तिनं औषध घातलं नाही. हेही सांगायला पाहिजे, कारण आ-हुन कोणी नव्या विचारांची बाई नव्हती. तिचाही विश्वास होता. सगळ्या गल्लीएवढाच. औषध घातलं तर परत फिरेल हे तिला पटत होतं, आणि फिरून कुठे जाईल हेही दिसत होतं. किमथोशिवाय तिला या जगात कोण होतं? मिठागराच्या गावातल्या माणसांची तोंडंही तिला आठवत नव्हती. ती मुकाट्यानं पोपटमाशांना काच वाजवून हाकलत राहिली आणि रात्री त्याची हॉस्पिटलची पिशवी भरली.

ऑपरेशनच्या सकाळी किमथोला आत नेताना तो स्ट्रेचरवर चक्क हसला. शेठ आहे ना, म्हणाला. दार बंद झालं. थोड्या वेळानं पेयिनच्या लक्षात आलं की बाबांचे जाड मोजे आणि थर्मास घरीच राहिलेत. तिनं आईला पाठवलं. पाच तास तरी कोणी बाहेर यायचं नाही, इथे बसून भिंती बघण्यापेक्षा जाऊन ये, म्हणाली.

दुकान बंद होतं. आ-हुन मोजे आणि थर्मास घेऊन खाली आली आणि निघता निघता टाकीकडे वळली. सकर काचेवर नव्हता. तो शेठच्या अंगावर होता. बरगडीला तोंड चिकटवून, उभे राहिलेले खवले बाजूला करत, तो खाली खरवडत होता. पोपटमासे परांना लागले होते. शेपूट झाडणीसारखी पिंजली होती. आणि शेठ त्या सगळ्यांच्या खाली, साय आलेल्या डोळ्यानं वर बघत, तोंड उघडत आणि मिटत होता. कोणी मारतही नव्हतं आणि कोणी वाचवतही नव्हतं. सगळे फक्त वाट बघत होते.

आ-हुनचा डावा कान ठणकू लागला. इतक्या वर्षांत त्याला कधी काही जाणवलं नव्हतं.

तेकचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे. ती चालत गेली की पळत, तिला पुढे आठवलं नाही.

तेकला सगळी बातमी होती. त्यानं तिला बघून आधी हातच जोडले आणि मग विचारलं, नवा मासा बघायचा का. मोठा शेठ गेल्यावर टाकी रिकामी ठेवू नये, म्हणाला.

"पिवळी पूड दे," आ-हुन म्हणाली.

तेकचा चेहरा उतरला. "वहिनी, दादा आत आहेत ना?"

"आत आहे."

"मग आज नको. बाहेर आले की घेऊन जा. मी स्वतः येऊन घालतो. ते आत असताना कोणी माशाला औषध घातलेलं मी तरी पाहिलं नाही."

"संध्याकाळपर्यंत तो राहील?"

तेकनं विचार केला. खोटं बोलणारा माणूस नव्हता. "नाही," तो म्हणाला.

"मग दे."

त्यानं पुडी दिली. हातात दिली नाही, फळीवर ठेवली, म्हणजे ती आ-हुननं आपल्या हातानं उचलावी. आणि हळू आवाजात सांगितलं की आधी बाकीचे मासे बाहेर काढा, सकरला तर आधी. हीटर वाढवा, हवेचा पंप पूर्ण सोडा, खडेमीठ घाला.

मिठागरातल्या पोरीला मिठाचं सांगायला नकोच होतं. तिनं पोपटमासे टर्की धुवायच्या टबात काढले, सकरला ओढून बादलीत टाकलं. तो सुटताना शेठच्या अंगावर ओल्या लाल जखमेचा वर्तुळासारखा ठसा दिसला. मग तिनं कोपरापर्यंत बाही सारली, पूड मुठीत घेतली आणि टाकीवर हात धरला. हात तिथेच राहिला. या क्षणी तिकडे किमथोची छाती उघडी असेल. मूठ सोडली तर परत फिरेल. तिला हे ठाऊक होतं, तिचा त्यावर विश्वास होता, आणि तरीही तिनं मूठ सोडली. पाणी पिवळं होत खालपर्यंत गेलं. आपण हे केलं यावर तिचाच विश्वास बसेना. ती आपल्या बोटांकडे बघत राहिली, जणू ती दुसऱ्या कोणाची असावीत.

हॉस्पिटलात पेयिननं विचारलं की आई, हात पिवळे कशानं. मुळ्याचं लोणचं, आ-हुन म्हणाली, आणि हात मांडीखाली घेऊन बसली. त्यानंतर ती जे बसली ते जिवंत माणसाचं बसणं नव्हतं. नर्स नुसती पाणी प्यायला बाहेर आली तरी हिला वाटे, आली सांगायला. देवाला काय मागावं तेही कळेना, कारण कोणत्या तोंडानं मागणार? तिन्हीसांजेला डॉक्टर आले आणि मास्क खाली ओढून म्हणाले, छान झालं. आ-हुनला रडू आलं नाही, हसूही आलं नाही. पेयिननं तिला दोनदा हलवून सांगितलं, तेव्हा कुठे तिनं श्वास सोडला.

शेठही वाचला. आधी सरळ झाला, मग वर आला. किमथो घरी यायच्या आदल्या दिवशी त्यानं एक कोळंबी गिळली. आ-हुननं पाणी इतक्यांदा बदललं की पिवळेपणाचा मागमूस राहिला नाही. फक्त टाकीच्या चारही कोपऱ्यांत काचा चिकटवणारी जी पांढरी पट्टी असते, ती पिवळी पडली होती. तिनं घासली, नखानं खरवडली, लिंबू लावून पाहिलं. निघाली नाही.

किमथो छातीला उशी धरून गाडीतून उतरला. हॉस्पिटलात तो पेयिनला रोज एकच विचारायचा, शेठ गेला का? नाही म्हटलं की तोंड फिरवायचा. आता तो टाकीपुढे उभा राहिला. शेठ वरच्या थरात ऐटीत वळला. किमथोनं माशाकडे बघितलं, मग कोपऱ्यांकडे. एक बोट वर करून त्यानं काचेवरून ती पिवळी रेघ वरपासून खालपर्यंत हाताळली.

"कधी?" त्यानं विचारलं.

आ-हुन त्याच्या डाव्या बाजूला उभी होती. "तू आत होतास तेव्हा."

"बाहेर आल्यावर घालता आलं असतं."

"तोवर तो राहिला नसता."

"आणि मी?"

तिला सांगता आलं असतं ते साठ वर्षांपूर्वीचं होतं, आणि आता ते सांगणं म्हणजे कापलेल्या माणसाला परत कापणं. किमथो जिना चढून वर गेला, एकेक पायरी थांबत.

त्यानं भांडण केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं. तो तिनं दिलेलं सूप प्यायचा, औषध घ्यायचा, पाहुण्यासारखा बरं म्हणायचा. पुढे दुकानात खाली येऊन बसू लागला, पण टाकीकडे पाठ करून. टर्की पेयिन सोडवायची. गल्लीलाही कळलं, कारण तेकच्या पोटात काही राहत नाही. सिओकनं सकाळचा चहा घेऊन यायचं बंद केलं. एकदा दारातूनच म्हणाली की तुझं धाडस मोठं गं बाई, मला तर नवऱ्याऐवजी मासा दिसला नसता. आ-हुननं ते ऐकून घेतलं. उजव्या बाजूनं बोलली होती, ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय नव्हती.

थंडी पडली आणि आ-हुनला खोकला धरला.

पहिल्यांदा ती पिंपाशी खोकली तेव्हा सगळं दुकान थांबलं. जुन्या गिऱ्हाइकांनी सवयीनं किमथोकडे बघितलं. एकजण म्हणालाही, चला, निघाली वरात दवाखान्याला. किमथो गल्ल्याशी सुटे पैसे लावत होता. त्यानं मान वर केली नाही. बोलणाऱ्यानं वाडग्यात तोंड घातलं. आ-हुननं पुढचा भात भरला. तिला वाटायचं, या माणसाची ती ओढाताण आपल्याला नकोशी आहे. आता ती नव्हती. इतकं लागेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खोकला वाढला. तिसऱ्या दिवशी ताप. ती कोणाला बोलली नाही. दुपारच्या गर्दीत उलथणं हातातून गळालं, तशी ती पिंपाशेजारच्या स्टुलावर बसली आणि डोकं भिंतीला टेकलं. कान ठणकत होता. पेयिन सुरी ठेवून येणार तोच किमथो उठला. छातीवर हात धरून आला आणि तिच्या समोर उभा राहिला. खिळ्यावरची स्कूटरची चावी काढून त्यानं तिच्या मांडीवर टाकली.

"चल."

"साधा ताप आहे," ती म्हणाली. "आपोआप उतरेल."

"चल म्हणतो ना." त्याचा आवाज फाटला. मग तो वाकला, तिच्या उजव्या कानाशी आला, आणि पेयिनलाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "ऊठ. आता दारात आई उभी नाहीये."

आ-हुननं डोळे उघडले. त्याचा चेहरा इतका जवळ होता की तिला त्यात फणफणलेलं, आतल्या खोलीत झोपेचं सोंग घेऊन पडलेलं पोर दिसलं. म्हणजे तेव्हा तो झोपला नव्हता. सगळं ऐकलं होतं. प्रत्येक शिंकेला, प्रत्येक कणकणीला हा तिला ओढत नेत होता, आणि ती वर्षानुवर्षं धंद्याचा हिशेब समजून नाक मुरडत होती.

ती उठली. भाताच्या पिंपावर झाकण ठेवलं, हेल्मेट घातलं. छातीचे टाके अजून हुळहुळत होते, त्याला हँडल धरता येत नव्हतं, म्हणून स्कूटर तिनंच काढली. किमथो मागे बसला. त्यानं हनुवटी तिच्या उजव्या खांद्यावर टेकली, आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यापर्यंत ती उचलली नाही.